मॅकग्रेगर म्हणायचं नाही

1603 चा एप्रिल. तुम्ही पश्चिम स्कॉटलंडमधल्या ग्लेन स्ट्रेच्या खोऱ्यात आहात. दगडी भिंतींच्या बुटक्या घरात पीटचा धूर कोंडलाय, डोळे चुरचुरतायत. तव्यावर ओटची भाकरी आहे. चुलीशी बसलेली म्हातारी तुमचा सुरा मागून घेते आणि दगडावर घासून त्याचं टोक बोथट करू लागते. राजाचा हुकूमच तसा आहे: तुम्हा मॅकग्रेगरांनी हत्यार बाळगायचं नाही, फक्त जेवताना मांस कापायला बिनटोकाचा सुरा.

पण हुकूम सुऱ्यावर थांबत नाही. फेब्रुवारीत ग्लेन फ्रूनच्या लढाईत तुमच्या लोकांनी कोलहून घराण्याची शंभराहून जास्त माणसं मारली. ते रक्त खोटं नाही. म्हणून इंग्लंडचं तख्त घ्यायला लंडनला निघालेल्या जेम्स राजाच्या दरबाराने 3 एप्रिलला मॅकग्रेगर हे आडनावच बंद केलं. ते लावाल तर देहदंड. दोषी असोत वा पाळण्यातली पोरं, सगळ्यांना एकच न्याय. मला हा अन्याय आजही सहन होत नाही.

आता तुम्ही कोण व्हायचं? भाऊ मरे होतो, चुलता ड्रमंड, कुणी ग्रँट, कुणी स्टुअर्ट. काही जण तर कॅम्पबेल होतात, आणि ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेलांनीच तुमच्या जमिनी गिळल्यात! पुढच्या जानेवारीत तुमचा प्रमुख अलास्डेर एडिंबराला फासावर जातो.

1661 मध्ये दुसरा चार्ल्स बंदी उठवतो, तुम्ही मोकळा श्वास घेता. 1693 मध्ये ती पुन्हा लागू होते. तुमच्याच कुळातला रॉब रॉय तेव्हा ऐन विशीत आहे. कागदावर तो आईचं आडनाव लावतो, कॅम्पबेल. पण बालक्विडरच्या परिसरात तो कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आडनाव टिकतं ते असं, घरातल्या बोलण्यात.

1774. बंदी कायमची उठते. पुढे, बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत राहून आलेल्या जॉन मरेला आठशेहून जास्त कुळबंधू सह्या करून आपला प्रमुख मानतात. त्याच्या मुलाच्या नावात मॅकग्रेगर परत येतं.

तोवर अनेकांनी अटलांटिक ओलांडलाय. 1786 मध्ये तुम्ही नोव्हा स्कॉशियातल्या पिक्टूला पोचता. इथे पर्थशरहून आलेला तरुण पाद्री गेलिकमध्ये प्रवचन देतोय. त्याचं नाव जेम्स ड्रमंड मॅकग्रेगर: बंदीच्या काळात घेतलेलं आडनाव आणि खरं आडनाव, दोन्ही शेजारी शेजारी. दोन वर्षांनी, एका पाद्र्याने काळ्या मुलीला गुलाम म्हणून ठेवलंय हे कळताच तो त्याच्याविरुद्ध पत्र छापतो. दुसऱ्या एका गुलाम मुलीच्या सुटकेसाठी तो आपल्या तुटपुंज्या पगारातला मोठा वाटा मोजून देतो.