दर्यावर पोहोचणारा आवाज

2017 सालच्या डिसेंबरच्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात परमुलखातील मच्छीमार बोटी एकामागून एक येऊन विसावू लागल्या. मोजदाद झाली तेव्हा त्या 68 भरल्या. 66 केरळच्या, दोन तमिळनाडूच्या, आणि त्यांवर 952 माणसे. ओखी वादळाने त्यांना आपल्या किनाऱ्याला आणून लावले होते. भाषा कळेना, परंतु भिजलेल्या, उपाशी माणसाला काय हवे असते हे कोळ्याला सांगावे लागत नाही.

या बोटी वाचल्या. तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावरील अनेक घरांत मात्र त्या वर्षीचा नाताळ उजाडलाच नाही. मृत आणि बेपत्ता मिळून तीनशेहून अधिक माणसे गेली. त्यांतील पुष्कळ आपलेच धर्मबांधव होते. तेथील धर्मग्रामांनी घरोघर जाऊन बेपत्तांच्या याद्या केल्या. त्या याद्या आणि सरकारी आकडे यांचा मेळ कितीतरी दिवस बसत नव्हता. धर्मगुरूच्या हाती बाप्तिस्म्याची, लग्नाची, मृत्यूची नोंदवही असते. तिच्यात ‘दर्यावरून परतला नाही’ अशा नोंदीसाठी वेगळा रकाना नसतो.

पूर्वसूचना मिळाली नव्हती काय, असा प्रश्न तेव्हा सर्वांनीच विचारला. 29 नोव्हेंबरला हवा बिघडू लागली आणि 30 च्या सकाळी तिचे चक्रीवादळ झाले. इतक्या थोड्या अवधीत सूचना निघाल्या तरी त्या जमिनीवर निघाल्या. खोल समुद्रात जाणारे लोक त्यापूर्वी कितीतरी दिवस घराबाहेर पडलेले होते. मोबाईलचा टप्पा किनाऱ्यापासून दहाबारा किलोमीटरवर संपतो. बोटीवरचा व्हीएचएफ संच साधारणपणे नजर पोहोचेल तितक्याच अंतरापर्यंत बोलतो. त्यापलीकडच्या माणसाला वाऱ्याची वार्ता वाराच देतो, आणि ती फार उशिरा देतो.

वास्तविक बिनतारी संदेशाचा जन्मच दर्यावर्दींच्या कामासाठी झाला असे म्हणावे लागेल. 1899 च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ‘एल्बे’ नावाचे जर्मन जहाज गुडविनच्या वाळूत रुतले, तेव्हा तेथील दीपनौकेने मार्कोनीच्या यंत्रावरून किनाऱ्याला खबर दिली आणि मदतीची नौका निघाली. याच मार्कोनीने पुढे व्हॅटिकन रेडिओ उभारून दिला आणि 12 फेब्रुवारी 1931 रोजी पोप अकरावे पायस यांचा आवाज जगभर ऐकू गेला. 1906 च्या नाताळच्या आदल्या रात्री फेसेंडन या संशोधकाने समुद्रावरील जहाजांना व्हायोलिन आणि बायबलवाचन ऐकवले, अशीही एक गोष्ट सांगतात. आम्हा धर्मगुरूंना ती फार आवडते. परंतु ती स्वतः फेसेंडनने पंचवीसेक वर्षांनंतर सांगितलेली आहे आणि अभ्यासकांना जहाजांच्या नोंदींत तिचा पुरावा सापडलेला नाही. 1912 मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले आणि 1914 मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. या करारमालेतील बहुतेक नियमांतून मच्छीमार नौका आजतागायत वगळलेल्या आहेत. प्रवाशाच्या जिवासाठी कायदा झाला, मासळी आणणाऱ्याचा जीव त्याच्या नशिबावर सोडला गेला.

आपल्याकडे ही उणीव आकाशवाणीने आणि ट्रान्झिस्टरने भरून काढली. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा दूरवर जातात. त्यामुळे रात्री जाळे टाकून बसलेल्या खलाशांनाही मुंबई केंद्र ऐकू येई. फक्त एक कटकट असे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची दांडी असते आणि तिचे टोक केंद्राच्या दिशेला आले की आवाज खोल जातो. नांगरावरची बोट भरतीओहोटीबरोबर फिरते आणि तिच्याबरोबर रेडिओही. म्हणून जुने तांडेल हवामानाच्या बातम्यांच्या वेळी एका पोराला रेडिओ हातात धरून बसवीत. बोट वळली की पोराने रेडिओ वळवायचा. शिवाय डायनॅमोची घरघर आवाजात मिसळे, म्हणून तेवढा वेळ इंजिनही बंद ठेवावे लागे.

आता उपग्रह रेडिओकडे येऊ. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा या गृहस्थांनी वर्ल्डस्पेस ही कंपनी काढली, ती रेडिओलाही वंचित असलेल्या आफ्रिका-आशियातील माणसांपर्यंत थेट आकाशातून आवाज पोहोचवण्यासाठी. त्यांचा ‘आफ्रिस्टार’ 1998 मध्ये आणि ‘एशियास्टार’ 21 मार्च 2000 रोजी अवकाशात गेला. भारतात पुढे ए. आर. रहमान यांच्या संगीतातून त्याची जाहिरात झाली. ‘गांधर्व’ आणि ‘श्रुती’ या वाहिन्यांवर अहोरात्र शास्त्रीय संगीत वाजू लागले.

त्या काळी मी किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात होतो. आमच्या गायनवृंदातील एका तरुणाने असा संच विकत घेतला आणि वडिलांच्या बोटीवर नेला. घरी खिडकीत ठेवलेल्या चपट्या अँटेनावर आवाज काचेसारखा स्वच्छ येई. बोटीवर मात्र एक ओळ ऐकू येई आणि दुसरी नाहीशी होई. चार दिवस खटपट करून तो मला म्हणाला, “फादर, हे शहरातल्या माणसाचं खेळणं आहे. दर्याला हे चालणार नाही.”

त्याच्या हाताचा दोष नव्हता. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असलेला तो उपग्रह आपल्या किनाऱ्यावरून पाहिले तर आग्नेय दिशेला, क्षितिज आणि माथा यांच्या जवळपास मध्यावर होता. अँटेनाचे तोंड त्याच्याकडे स्थिर राहिले पाहिजे. बोट डोलली की ते तोंड फिरते, मध्ये डोलकाठी आली किंवा माणूस उभा राहिला की तेवढ्यानेही आवाज तुटतो. जुना रेडिओ खरखरत का होईना बोलत राही, हा एकदम मुका होई. अमेरिकेत 2001-2002 मध्ये सुरू झालेल्या एक्सएम आणि सिरियस या सेवांनी हे जाणून सरळ आकाशाकडे पाहणाऱ्या घुमटीसारख्या अँटेना बनवल्या. तेथील मच्छीमार त्या बोटीच्या सर्वांत उंच जागी, रडारच्या झोतापासून दूर बसवतात, आणि खाऱ्या पाण्याने तारेचे सांधे गंजू नयेत म्हणून जपतात. हवामानाचे नकाशेही त्याच मार्गाने त्यांच्या पडद्यावर उतरतात. वर्ल्डस्पेस मात्र 2008 मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातील तिची सेवा बंद पडली. त्या तरुणाच्या घरी संच राहिला, आकाश मुके झाले.

ओखीनंतर जे उपकरण आले ते निराळ्या विचाराचे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय सागरी माहिती केंद्राने आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून तयार केलेले ‘जेमिनी’ 9 ऑक्टोबर 2019 रोजी सादर झाले. विमानांना मार्ग दाखवण्यासाठी उभारलेल्या ‘गगन’ यंत्रणेच्या उपग्रहांवरून त्यात वादळाची, उंच लाटांची आणि मासळी मिळण्याच्या जागांची माहिती येते आणि खिशातल्या मोबाईलवर आपल्या भाषेत वाचता येते. संगीताला सेकंदाला हजारो खुणा लागतात, या यंत्रणेत केवळ 250. इतक्या संथ, तुटक संदेशाला अँटेनाचे तोंड रोखून धरावे लागत नाही, आणि बोट डोलताना एखादा शब्द हुकलाच तर तो पुन्हा पाठवता येतो. गाण्याला ही सवलत नाही.

परंतु जेमिनी ऐकवते, ऐकत नाही. बुडणाऱ्याने हाक मारायची कोणाला? 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख मच्छीमार नौकांवर दोन्ही बाजूंनी संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्याच मांडवात वाढवण बंदराचीही कोनशिला बसली, आणि या बंदराला आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे हे वाचकांना ठाऊकच आहे. एका हाताने दर्यावरचा धोका कळवणार आणि दुसऱ्या हाताने दर्याच आक्रसून घेणार, असे एका वृद्ध कोळिणीने मला मिस्सानंतर ऐकवले. मला उत्तर सुचले नाही.

तो गायनवृंदातील तरुण आता स्वतः तांडेल आहे. मागील वर्षी बोटींच्या आशीर्वादविधीला मी त्याच्या केबिनमध्ये डोकावलो. नवे यंत्र भिंतीवर होते. त्याखाली खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, वडिलांचा ट्रान्झिस्टरही होता. मी विचारले, तर म्हणाला, “असू दे फादर, सेल बदललेत परवाच.”