जुना कार्बोरेटर : दुरुस्ती कीं बदल ?

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेंझ ही जर्मन स्त्री आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीनें बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली. सुटा भाग विकत मिळण्याची सोय जगांत कोठेंच नव्हती. तेव्हां तिनें आपल्या टोपीची लांब टाचणी काढली, नळी मोकळी केली आणि गाडी पुढें हांकली. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. आणि मोटारीच्या दुरुस्तीची कलाहि त्याच वाटेवर जन्मास आली, असें म्हणावयास हरकत नाहीं. जुन्या मालमोटारीचा कार्बोरेटर उघडून नीट करावा, कीं तो काढून दुसरा बसवावा, हा वाद आज जुन्या गाड्यांचे शोकीन घालतात. त्याचें उत्तर कार्बोरेटरच्या इतिहासांतच सांपडतें.

पेट्रोल नुसतें द्रवरूपानें नीट जळत नाहीं. एक भार पेट्रोलाला सुमारें पंधरा भार हवा मिळावी लागते, तीहि बारीक तुषारांत मिसळून. हें मिश्रण करणें हेंच कार्बोरेटरचें काम. हवा अरुंद गळ्यांतून जाऊं लागली कीं तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. या नियमाचें विवेचन बर्नुली यानें १७३८ मध्यें आणि व्हेंचुरी यानें १७९७ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. त्या उतरलेल्या दाबामुळें पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढलें जातें व त्याचा फवारा होतो. या छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. असा फवाऱ्याचा कार्बोरेटर जर्मनींत मायबाख यानें १८९३ मध्यें सिद्ध केला. त्याच वर्षीं हंगेरींत बांकी व चोंका या जोडीनेंहि त्याचें पेटंट घेतलें.

परंतु या युक्तींत एक खोड होती. इंजिनाचा वेग वाढला कीं हवेच्या मानानें पेट्रोल अधिक ओढलें जाई आणि मिश्रण दाट होई. लिआँ शहरच्या फ्रांस्वा बावरे यानें यावर उपाय काढला. त्यानें एकाऐवजीं दोन जेट योजिले. पहिला ओढीप्रमाणें पेट्रोल देतो. दुसरा एका उघड्या विहिरींत पेट्रोल सोडतो. त्याच्यावर इंजिनाची ओढ पडत नसल्यानें त्याचा पुरवठा वेळेच्या हिशोबानें ठरलेला राहतो. वेग वाढला म्हणजे पहिल्याचें मिश्रण दाट होतें, दुसऱ्याचें पातळ होतें, आणि दोहोंची बेरीज सारखी राहते. हाच झेनिथ कार्बोरेटर होय.

१९२७ च्या अखेरीस फोर्ड यांनीं मॉडेल टीच्या जागीं मॉडेल ए ही नवी मोटार आणली. तिच्याच जातीची दीड टनी मालमोटार ती मॉडेल डबल ए. चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ति आणि बाजूस झेनिथ कार्बोरेटर, असा तिचा संसार. १९३१ पर्यंत ती निघत राहिली. पुढच्या मंदीच्या वर्षांत शेतमाल, दूध, विटा, लांकूड वाहून तिनें अमेरिकेंतील कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. हिंदुस्थानांतहि फोर्डची उपकंपनी १९२६ मध्यें स्थापन झाली होती व मुंबईंत त्या कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. १९५३ च्या सुमारास तें काम बंद पडलें.

डबल एच्या कार्बोरेटरचें कवच बिडाचें आहे. पुढें पुष्कळ कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतले जाऊं लागले. ते वजनाला हलके व करावयास स्वस्त. पण उष्णतेनें किंवा स्क्रू फाजील आवळल्यानें त्यांचे सपाट काठ वांकतात. बीड गंजेल, पण सहसा वांकणार नाहीं. म्हणूनच या कार्बोरेटरची दुरुस्ती बहुधा यशस्वी होते. बरींच वर्षें पडून राहिल्यानें आंत डिंकासारखा थर बसलेला असतो; तो द्रावणानें विरघळवावा. गॅस्केट नव्या घालाव्या, सुईची झडप बदलावी, फ्लोट गळका असल्यास झाळावा. मात्र जेटच्या छिद्रांत तार खुपसूं नये. बर्थाबाईंची टाचणी नळीला चालली. जेटला ती चालत नाहीं. छिद्र केसभर वाढलें तरी बावरेनें घातलेला हिशोब चुकतो. एका मिनिटांत ठराविक दाबाखालीं जेटमधून किती द्रव वाहतो, हें मोजूनच जाणते कारागीर त्याची परीक्षा करतात.

एक काळ असा आला कीं दुरुस्ती हा आवडीचा प्रश्न उरला नाहीं. युद्धामुळें १९४२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत खाजगी मोटारींचें उत्पादन थांबलें आणि आहे तीच गाडी चालती ठेवणें सर्वांना भाग पडलें. युद्धानंतर सुबत्ता आली, सुटे भाग मुबलक झाले, आणि उघडून पाहण्यापेक्षां काढून टाकणें सोपें वाटूं लागलें. ही संवय कार्बोरेटर मागें पडून इंधन-प्रक्षेपण आल्यावर तर पक्कीच झाली.

तथापि बदल हा नेहमींच आळसाचा मार्ग असतो असें नाहीं. थ्रॉटलची दांडी झिजली तर भोंक रुंदावून तेथें बुश बसवितां येतो. पण कवचालाच तडा गेला असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धोक्याचा आहे. या इंजिनांत कार्बोरेटर व धुराची तप्त नळी एकाच बाजूस आहेत. ठिबकणारें पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रणच. आजच्या पेट्रोलांत मिसळलेला इथेनॉल ओलावा शोषतो, त्यानें बीड गंजतें व जुन्या जातीचें रबर बिघडतें. अशा वेळीं त्याच जातीचें दुसरें कवच शोधावें, किंवा नव्यानें बनविलेली प्रतिकृति घ्यावी. भलत्याच इंजिनाचा कार्बोरेटर मात्र परक्या घरच्या पाहुण्यासारखा ठरतो : त्याचा गळा वेगळा, जेट वेगळे, आणि सवारीला निघतांच गाडी अडखळते.

जुनें तें सोनें ही म्हण खरी; पण सोनेंहि कसाला लावूनच घ्यावें लागतें. कवच धड असेल तर दुरुस्ती करावी, फुटलें असेल तर बदलावें, आणि बदललें तरी जुनें टाकून न देतां फडताळांत जपून ठेवावें. पुढच्या पिढीचा कोणी कारागीर तें उघडील, तेव्हां एका विहिरीनें वेगाचा हिशोब कसा राखला, हें त्याला कोणत्याहि पुस्तकापेक्षां त्या बिडाच्या तुकड्यांतच अधिक स्पष्ट वाचतां येईल.