एका हातीं दोन कादंबऱ्या

एकाच वेळीं दोन-तीन कथा लिहावयास घेणारा लेखक दिसला, कीं जाणतीं माणसें मान हालवितात. 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण अशा वेळीं हटकून ऐकूं येते. आम्हींही ती पुष्कळदां उच्चारली आहे. परंतु चार्ल्स डिकन्सच्या आयुष्यांतील १८३६ ते १८३९ हीं वर्षें नीट तपासून पाहिल्यापासून ती तोंडीं आणतांना आमची जीभ थोडी अडखळते.

१८३६ सालीं डिकन्स अवघा चोवीस वर्षांचा, एका वर्तमानपत्राचा बातमीदार. चॅपमन आणि हॉल या प्रकाशकांस रॉबर्ट सीमूर या चित्रकाराच्या विनोदी चित्रांसोबत छापावयास मजकूर हवा होता. तें काम त्यानें पत्करलें. पहिला अंक निघून तीन आठवडे होतात न होतात तोंच सीमूरनें आत्महत्या केली. चित्रें मागें पडलीं, मजकूर पुढें आला, आणि एका शिलिंगास मिळणारे 'पिक्विक पेपर्स'चे मासिक अंक हां हां म्हणतां हजारोंनीं खपूं लागले. पण हें यश पदरांत पडण्यापूर्वींच या नवविवाहित तरुणानें समोर येईल त्या करारावर सही करण्याचा सपाटा लावला होता. मे महिन्यांत मॅक्रोन नांवाच्या प्रकाशकास एक कादंबरी कबूल केली. ऑगस्टांत रिचर्ड बेंटलेस आणखी दोन. पुढें त्याच बेंटलेच्या नव्या मासिकाचें संपादकत्वही घेतलें. १८३७ च्या फेब्रुवारींत त्या मासिकांत 'ऑलिव्हर ट्विस्ट' सुरू झाली, तेव्हां 'पिक्विक' अजून नोव्हेंबरपर्यंत चालावयाची होती.

म्हणजे एकाच मेजावर एकीकडे गुबगुबीत, भाबडे पिक्विकसाहेब, आणि दुसरीकडे अनाथालयांत आणखी एक वाडगा पेज मागणारें पोरकें पोर! दर महिन्यास छापखान्याचा माणूस दोन्हींसाठीं दारांत उभा. मागील प्रकरण छापून गेलेलें असल्यामुळें त्यांत फेरफार करण्याची सोय नाहीं.

७ मे १८३७ रोजीं डिकन्सची धाकटी मेहुणी मेरी होगार्थ त्याच्याच घरीं एकाएकीं वारली. वय सतरा वर्षें. जून महिन्यांत 'पिक्विक'ही निघाली नाहीं आणि 'ऑलिव्हर'ही नाहीं. 'पिक्विक'च्या साऱ्या मासिक अंकांत एवढी एकच फट दिसते. आणि त्यानंतर जो 'पिक्विक'चा अंक आला, त्यांत आपले पिक्विकसाहेब फ्लीटच्या तुरुंगांत जातात. खटल्याच्या ओघानें तुरुंग तेथें आधींच येऊं घातला होता, हें खरें. तरीही ऋणकोंच्या त्या कोठड्यांचें वर्णन वाचतांना विनोदाचा सूर पालटलेला कोणासही जाणवेल. डिकन्सचा स्वतःचा बाप १८२४ सालीं कर्जापायीं मार्शलसीच्या तुरुंगांत होता; ती जुनी जखम येथें उघडी झाली. आमचें मत असें, कीं शेजारीं 'ऑलिव्हर' लिहिली जात नसती, तर विनोदाच्या पुस्तकांत इतका अंधार आणण्याचें धैर्य त्याला झालें नसतें. एका कादंबरीनें दुसरीचा वेळ खाल्ला असेल. पण तिला कांहीं दिलेंही.

१८३८ च्या वसंतांत 'निकोलस निकलबी' सुरू झाली, तेव्हां 'ऑलिव्हर' संपावयाची होतीच. हीही जोडी निभावली. निभावली नाहीं ती न लिहिलेली कादंबरी! मॅक्रोनला कबूल केलेलें तें कथानक पुढें बेंटलेच्या करारांत आलें, आणि कित्येक वर्षें डिकन्सच्या मानेवर बसून राहिलें. १८३९ च्या आरंभीं त्यानें संपादकत्व सोडलें. १८४० सालीं २,२५० पौंड मोजून बेंटलेकडून सुटका करून घेतली. तेंच कथानक 'बार्नबी रज' या नांवानें १८४१ सालीं दुसऱ्याच प्रकाशकाकडे प्रसिद्ध झालें. लेखकास थकविणारें काम बहुधा हातांतलें नसतें, शब्द देऊन ठेवलेलें असतें. पुढें त्यानें दोन मोठ्या कादंबऱ्या एकत्र चालविल्या नाहींत. १८४७ सालीं 'डाँबी' चालू असतांना नाताळासाठीं लिहावयाची छोटी गोष्टसुद्धां त्यानें पुढच्या वर्षावर ढकलली.

आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं पुण्यांत 'करमणूक' साप्ताहिक काढलें, आणि आरंभींच्या त्या काळांत 'पण लक्षांत कोण घेतो?' मधील यमूची करुण कहाणी व 'म्हैसूरचा वाघ' मधील टिपूच्या काळची धामधूम एकाच हातानें लिहिली जात होती. हा योग डिकन्सच्या जोडीइतकाच विलक्षण आहे. आपल्या समीक्षकांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं, याचा विषाद वाटतो. मात्र डिकन्सला पैसे मोजून सुटावयास बेंटले तरी होता. आपटे स्वतःच लेखक आणि स्वतःच संपादक. ते सुटणार कोणापासून? त्यांच्या कित्येक कादंबऱ्या अर्ध्यावर राहिल्या. 'सूर्यग्रहण' आणि 'कालकूट' यांचा शेवट वाचकांस कधींच मिळाला नाहीं.