बोंडलं

सूनबाईची रजा संपत आली आणि आमच्या घरात बाटलीचं महाभारत सुरू झालं. कायद्याच्या २६ आठवड्यांतले पाच बाळंतपणाआधीच गेलेले, म्हणजे नात जेमतेम पाच महिन्यांची. अंगावरचं दूध काढून बाटलीत भरावं, तर निपल ओठांना लागताच पोरगी अंगाची कमान करून रडायची. चौथ्या दिवशी सून म्हणाली, "मम्मी, मी नोकरीच सोडते." बँकेतली ही नोकरी तिनं किती खपून मिळवली, ते मी पाहिलं होतं. मी उठले आणि कपाटातून माझ्या आईनं जळगावहून पाठवलेलं चांदीचं बोंडलं काढलं.

हल्लीच्या मुलींना बोंडलं ठाऊक नसतं. वाटीला चिमणीसारखी चोच, एवढंच ते. घासता घासता मनात आलं, आई जवळ नसताना बाळाला पाजायचं कसं, हा प्रश्न बाटलीपेक्षा कितीतरी म्हातारा आहे. जर्मनीत बव्हेरियामध्ये लहान मुलांच्या थडग्यांत चोच असलेली मातीची भांडी सापडली. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी ती तपासली, तर आत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचा अंश निघाला. म्हणजे बोंडलंच की!

राजवाड्यात मात्र धाय असे. ज्ञाताधर्मकथेत मेघकुमाराला पाच धाई आहेत. एक दूध पाजणारी, एक न्हाऊ घालणारी, एक नटवणारी, एक खेळवणारी, एक मांडीवर घेणारी. (पाच जणींचं काम आज एकटी सून करते, वर ऑफिस!) त्या दूध पाजणाऱ्या धाईचं स्वतःचं बाळ कोणाच्या दुधावर वाढलं, हे मात्र मी एकाही व्याख्यानात ऐकलेलं नाही.

दशवैकालिकातला एक नियम मला फार भिडतो. साधू गोचरीला दारात आले आणि पाजती बाई रडतं बाळ खाली ठेवून आहार आणायला उठली, तर तो आहार त्यांना कल्पत नाही. साधू रिकाम्या पात्रानं परततील, पण बाळाचं पिणं तुटता कामा नये.

गिरण्यांना असला नियम कोण शिकवणार? मुंबईच्या गिरण्यांत बायका दहा-दहा तास उभ्या असायच्या आणि घरचं बाळ निजून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी चारली जायची. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या सरकारनं नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी चाळीचाळींतून पाहणी केली, तेव्हा बहुतेक बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. त्या आया निर्दय होत्या का? मुळीच नाही. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. सूनबाईचे २६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीनं मिळाले, पण त्यांचं मूळ तिथं आहे.

रबरी निपलचं पेटंट अमेरिकेत १८४५ चं. पुढे विलायतेत लांब रबरी नळीच्या काचेच्या बाटल्या निघाल्या. नळी आतून धुताच येईना, बाळं दगावू लागली आणि लोक त्यांना 'खुनी बाटल्या' म्हणू लागले. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बाटल्यांच्या आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातीच बंद केल्या. आमच्या डॉक्टरांनीही बोंडलं पाहून मान डोलावली. "बाटलीपेक्षा हे घासायला सोपं. रोज उकळा मात्र."

तरी बोंडल्यानं काही जादू केली नाही. सून घरात असली की नात वासानंच तिला शोधायची, माझ्याकडे ढुंकून बघायची नाही. मग सूनबाई खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसू लागली. भुकेनं कळवळलेलं बाळ नवं काही शिकत नाही, म्हणून अर्धी भूक असतानाच पाजायला घ्यायचं. उभं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि थांबायचं. ओतायचं नाही, तिचं तिला चाटू द्यायचं. काढलेलं दूध लगेच फ्रीजमध्ये, सुरतेच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवायची सोय नाही. पाजताना भांडं कोमट पाण्यात धरायचं. पहिले तीन दिवस निम्मं दूध माझ्या पदरावर. रात्रीसुद्धा सराव चाले, बाळाला काही चौविहार नसतो! नवव्या दिवशी तिनं बोंडलं रिकामं केलं आणि चोच चघळत बसली.

सोमवारी सून कामावर गेली. दुपारी भांडी घासायला लिंबायतहून येणारी आली. मूळची धुळ्याकडची, तिचं मूल आमच्या नातीहून महिन्यानं लहान. बोंडलं हातात घेऊन म्हणाली, "ताई, हे बरंय. माझा पोरगा मी जाईपर्यंत बिस्किटाच्या पाण्यावर असतो. सासू बाटली देते, तो घेत नाही."

दोन महिने ती आमच्याकडे येत होती. मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती पोराला घेऊन येते. आधी त्याला पाजते, मग नळ सोडते. भांडी चारऐवजी पाचला होतात.