पोटमाळ्यावरची प्रयोगशाळा

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे आता आमच्या मनातलं ओळखणार का?" थट्टा सोडा. पण पदवीच्या मुलांना हा विषय कशासाठी शिकवायचा, हा प्रश्न खराच आहे. त्याचं एक उत्तर १८९१ साली बॉस्टनजवळच्या वेलस्ली कॉलेजात मिळतं. हे मुलींचं लिबरल आर्ट्स कॉलेज. लिबरल आर्ट्स म्हणजे एक विषय मुख्य घ्यायचा, पण भाषा, विज्ञान, तत्त्वज्ञान यांतून फिरून यायचं; धंद्याचं शिक्षण हा हेतूच नाही.

तिथे मेरी व्हिटन कॅल्किन्स ग्रीक शिकवायच्या. तत्त्वज्ञान विभागाला नवं प्रायोगिक मानसशास्त्र शिकवायला माणूस हवा होता. कॉलेजनं सांगितलं, वर्षभर शिकून या, मग शिकवा. त्या हार्वर्डला गेल्या. तिथे बाईला विद्यार्थिनी म्हणून नोंदवून घेत नसत. वडिलांनी आणि कॉलेजनं अर्ज केल्यावर पाहुणी म्हणून बसू दिलं. विल्यम जेम्सच्या वर्गातले बाकीचे विद्यार्थी गळाले आणि शेवटी उरले गुरू आणि ही एकच शिष्या. जेम्सचा मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी, १८९० मध्ये, आला होता. असं भाग्य कुणाला मिळतं हो!

परत येऊन त्यांनी कॉलेजच्या इमारतीत पोटमाळ्यावर प्रयोगशाळा मांडली. मुलींच्या कॉलेजातली ती पहिली. पहिल्याच वर्गात पन्नासहून जास्त मुली. त्यांनी कोकरांचे मेंदू कापून पाहिले; स्पर्श, चव, अंतराचा अंदाज यांवर एकमेकींवर प्रयोग केले. आता बघा, इथे शिकणारीच प्रयोग करते आणि तिच्यावरच प्रयोग होतो. आपल्याला जे 'दिसतं' ते किती भरवशाचं, हे ती स्वतःच्या कातडीवर तपासते. तत्त्वज्ञानातला जुना प्रश्नच हा, फक्त टेबलावर मांडलेला. यातल्या बहुतेक मुली मानसशास्त्रज्ञ होणार नव्हत्या, आणि मला यातच या अभ्यासक्रमाचं मोल वाटतं.

पुढे कॅल्किन्सबाई ह्यूगो म्युन्स्टरबर्गकडे हार्वर्डमध्ये स्मरणावर काम करत होत्या. रंग आणि अंक यांच्या जोड्या दाखवायच्या, मग नुसता रंग दाखवून अंक विचारायचा. जोड्यांची ही पद्धत आजही पाठ्यपुस्तकांत आहे. (याच म्युन्स्टरबर्गचे विद्यार्थी नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी पुढे कलकत्ता विद्यापीठात हा विषय उभा केला.) १८९५ मध्ये परीक्षकांनी त्यांना डॉक्टरेटला पात्र ठरवलं. विद्यापीठानं पदवी दिली नाही. कारण एकच, त्या बाई होत्या. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची पदवी देऊ केली गेली. काम हार्वर्डमध्ये केलं होतं, तेव्हा त्यांनी ती नाकारली. माझ्या मते योग्यच केलं. घेतली असती, तर हार्वर्डचा प्रश्न परस्पर मिटला असता.

१९०५ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या, १९१८ साली तत्त्वज्ञान संघटनेच्या. दोन्हीकडे पहिल्याच बाई. आणि १९२९ पर्यंत शिकवत राहिल्या वेलस्लीतच.