वाऱ्याची वाट

मैत्रिणींनो, आपल्या गिरगावातला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड, वाऱ्यासाठी आखला गेला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत रोग वाढतो असे तेव्हा मानत. उजेड यावा म्हणून घरांची कौलेही उतरवली गेली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी, म्हणून त्याने हा रस्ता काढला.

रस्त्याला वारा मिळाला, स्वयंपाकाच्या कोपऱ्याला नाही. चाळीतल्या खोलीत आधी कोळशाची शेगडी होती, मग रॉकेलचा स्टोव्ह आला. 1950 च्या दशकात मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, हळूहळू घरोघर पोचला. काजळी गेली, फोडणीचा ठसका राहिला. आमच्या आज्यांचा उपाय एकच: गॅलरीचे दार आणि मागची खिडकी एकदम उघडायची.

आता चाळी जाऊन टॉवर होत आहेत. सही करण्याआधी आपण विचारू या: ओट्यामागची भिंत बाहेरची आहे का? पाइप नसलेली चिमणी तेलकटपणा गाळते, पण उष्णता नि वाफ घरातच सोडते. मग एसीचे काम वाढते आणि बिलही. बाहेर हवा फेकणाऱ्या एक्झॉस्ट पंख्याला त्यामानाने वीज थोडी लागते. मात्र समोरून ताजी हवा आत यायला वाट हवी, नाहीतर तो नुसताच फिरतो.

ओट्याशी बहुधा आपणच उभ्या राहणार. तेव्हा नकाशा कोणी दाखवेल म्हणून थांबायचे नाही. आपणच मागून घेऊ.