डिकीवाली गाडी घ्यायचीय? नवी की जुनी, हे ठरवण्याआधी या गोष्टी समजून घ्या

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर गर्दी वाढते. नगद नारायणाचं हे देवस्थान पंचक्रोशीत 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखलं जातं. 12 ऑक्टोबर 2024 ला मनोज जरांगे पाटलांचा दसरा मेळावा इथे झाला, तेव्हा राज्यभर या गडाचं नाव पोहोचलं. आपल्याकडे दसरा आणि पाडवा म्हणजे गाडी घ्यायचा मुहूर्त. गाडी आली की हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा आणि देवाच्या पायाशी न्यायची.

पण नारळ फोडण्याच्या आधी एक प्रश्न घरोघरी चर्चेला असतो. हप्ते लागले तरी नवीच घ्यायची, की तेवढ्याच पैशात एखादी चांगली जुनी बघायची?

गावाकडे या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'डिकीवाली छोटी गाडी' असं असतं. म्हणजे डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर. इंग्रजीत हिला कॉम्पॅक्ट सेडान म्हणतात. घरातली पाच माणसं बसतात, लग्नाच्या बॅगा डिकीत मावतात, दवाखान्याला संभाजीनगरला किंवा पुण्याला जायला बरी पडते. 17 सप्टेंबर 2025 ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली खरी, पण रात्री दोनला पेशंट न्यायचा असेल तर दारातली गाडीच लागते.

चला तर मग, एकेक मुद्दा समजून घेऊया.

ही गाडी 4 मीटरच्या आतच का असते?

याचं कारण कर. 2006 च्या केंद्रीय बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्के केलं गेलं. अट अशी होती की लांबी 4 मीटरच्या आत हवी, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1500 सीसीपर्यंत हवं. मग कंपन्यांनी सेडानची डिकीच आखूड केली. टाटाची इंडिगो सीएस 2008 मध्ये आली, ती या प्रकारातली पहिली. मारुतीची स्विफ्ट डिझायरही 2008 मध्येच आली होती, पण ती 4 मीटरपेक्षा लांब होती. 2012 च्या नव्या मॉडेलमध्ये तिची लांबी 3995 मिलिमीटर केली गेली. होंडा अमेझ 2013 ची, टाटा टिगोर 2017 ची आणि ह्युंदाई ऑरा 2020 ची.

आजही हीच मर्यादा महत्त्वाची आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून या मापात बसणाऱ्या गाड्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो. त्याआधी पेट्रोल गाडीवर 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस होता. मोठ्या गाड्यांवर आता 40 टक्के आहे.

याचा हिशोब सोपा आहे. कर सोडून 100 रुपये असलेली गाडी आधी 129 ला पडायची, आता 118 ला पडते. म्हणजे साधारण साडेआठ टक्के स्वस्त.

आणि इथेच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक मुद्दा आहे. विकणारा म्हणतो, "दादा, मी ही साडेआठ लाखाला घेतलेली, तुम्हाला सहाला देतो." तुम्ही त्याची जुनी पावती बघू नका. त्याच व्हेरिएंटची आजची नवी किंमत शोरूममधून काढा आणि तिथून घासाघीस सुरू करा.

नव्या गाडीचा खरा खर्च किती?

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. तिच्यावर रोड टॅक्स, नोंदणी, इन्शुरन्स आणि फास्टॅग चढतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के एकरकमी रोड टॅक्स आहे. सीएनजीचा दर 7 टक्के होता, तो 1 जुलै 2025 पासून 8 टक्के झाला. म्हणजे 7 लाखांच्या पेट्रोल गाडीला नुसता टॅक्सच 77 हजारांच्या आसपास जातो.

शोरूममध्ये तीन गोष्टी नक्की करा.

- ऑन-रोड किंमतीचं कोटेशन ओळीओळीने लिहून घ्या. 'हॅण्डलिंग', 'लॉजिस्टिक' अशी ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारा. हा सरकारी कर नाही.
- इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन आणा, मग तुलना करा.
- गाडी नावावर होण्याआधी चेसी नंबर आणि बनल्याचा महिना-वर्ष बघा. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या वर्षी बनलेली असेल तर पुढे विकताना भाव कमी येतो. तेवढी सूट आजच मागा.

हप्ता छोटा म्हणजे कर्ज स्वस्त का?

नाही. समजा 6 लाखांचं कर्ज 9 टक्के व्याजाने घेतलं. 5 वर्षांसाठी हप्ता साधारण 12,455 रुपये बसतो आणि एकूण व्याज 1 लाख 47 हजारांच्या आसपास जातं. तेच कर्ज 7 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 9,650 वर येतो, पण व्याज 2 लाख 10 हजारांच्या पुढे जातं. महिन्याला अठ्ठावीसशे वाचवले, आणि शेवटी 63 हजार जास्त दिले.

जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर बहुतेक वेळा जास्त असतो. 4 लाख रुपये 14 टक्क्यांनी 4 वर्षांसाठी घेतले तर हप्ता 10,930 च्या घरात जातो आणि व्याज सव्वा लाख. म्हणून जुनी गाडी रोखीत किंवा थोड्याच कर्जात घेतली तरच खरी स्वस्त पडते. ज्यांचा पैसा ऊस, कापूस, सोयाबीनवर अवलंबून आहे, त्यांनी बँकेला सहामाही किंवा पीक आल्यावरच्या हप्त्याची सोय आहे का, हे आधी विचारावं.

पेट्रोल की सीएनजी?

2024 च्या नव्या डिझायरचं कंपनीने सांगितलेलं मायलेज पेट्रोल मॅन्युअलला लिटरमागे 24.79 किलोमीटर आणि सीएनजीला किलोमागे 33.73 किलोमीटर आहे. रस्त्यावर दोन्ही आकडे कमीच पडतात. सीएनजी गाडी महाग असते, त्यामुळे जास्तीचे पैसे किती किलोमीटरमध्ये वसूल होतील, हे आपल्या महिन्याच्या पळण्यावरून काढा. रोज बीडला ये-जा असेल तर हिशोब बसतो. आठवड्यातून एकदा बाजार आणि महिन्यातून एकदा लग्न एवढंच असेल तर बसत नाही.

अजून दोन गोष्टी. टाकीमुळे डिकीची जागा कमी होते, म्हणजे ज्या डिकीसाठी गाडी घेतली तीच अर्धी जाते. आणि आपल्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे, रांग किती असते, हे बुकिंगच्या आधी स्वतः जाऊन बघा. जुनी सीएनजी गाडी घेत असाल तर टाकीच्या तपासणीचं सर्टिफिकेट मागा. ही चाचणी दर 3 वर्षांनी करायची असते. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर नोंदवलेलं नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

जुनी गाडी: आधी मोबाईलवर काय बघायचं?

गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर मागा. बीडची गाडी एमएच 23, अंबाजोगाईची एमएच 44. एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा परिवहन वेबसाईटवर त्या नंबरवरून बरंच कळतं. नोंदणीची तारीख, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा आहे का, मालक कितवा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर थकलेला दंड दिसतो.

गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा. राज्यात चारचाकीसाठी या प्लेटचा दर 745 रुपये अधिक जीएसटी असा ठरला आहे.

सुरक्षेचाही एक हिशोब इथेच होतो. ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सगळ्या कारना सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर 2021 मध्ये. म्हणजे 2017-18 च्या बेस मॉडेलमध्ये एकही एअरबॅग नसू शकते. दुसऱ्या बाजूला, 2024 च्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 5 स्टार मिळाले, आणि टिगोरला 2020 मध्ये 4 स्टार. पन्नास हजार वाचवताना हा फरक विसरू नका.

गाडीजवळ गेल्यावर काय तपासायचं?

- थंड इंजिन: सकाळी जा आणि मालकाला सांगा की गाडी आधी सुरू करून ठेवू नका. पहिल्या स्टार्टला निळसर धूर आला तर इंजिन ऑईल खातंय.
- मीटर: रीडिंग 40 हजार आणि पेडलचं रबर, स्टेअरिंग, ड्रायव्हरची सीट घासून गुळगुळीत, असं असेल तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्ट्री काढा.
- टायर: टायरवर चार आकडे असतात. 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. पाचही टायरचे बघा.
- अपघात: बॉनेट, दारं, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? नटांचा रंग उडालेला असेल तर पार्ट उघडला गेलाय.
- पुराचं पाणी: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसेल. स्टेपनी काढून खालचा गंज बघा. सांगली-कोल्हापूरने 2019 आणि 2021 मध्ये पूर पाहिला, सप्टेंबर 2025 मध्ये बीडसह मराठवाड्याने. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण वायरिंग सहा महिन्यांनी बोलायला लागतं.
- टॅक्सी: या प्रकारातल्या खूप गाड्या पिवळ्या पाटीवर धावलेल्या असतात. आरसीवर आधीचा प्रकार बघा.
- पोट घासतं का: या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण 160 ते 175 मिलिमीटर असतो. एकटे बसून चक्कर मारू नका. पाच जण बसवून गावातल्या गतिरोधकावरून आणि शेताच्या वाटेवरून गाडी न्या.

ओळखीचा मिस्त्री सोबत घ्या. त्याला दिलेली हजेरी वाया जात नाही.

'बाँडवर लिहून घेतलंय' एवढं पुरतं का?

पुरत नाही. आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

गावात पद्धत अशी की बाँडपेपरवर लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, चावी द्यायची आणि 'नावावर नंतर करू' म्हणायचं. ते नंतर कधी येतच नाही. गाडी तिसऱ्याकडे जाते, तिथून चौथ्याकडे.

फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं होतं. पुढे अपघात झाला. कोर्टाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून पैसे संपले, तरी अपघाताची नोटीस विकणाऱ्याच्याच दारात.

घेणाराही सुटत नाही. जुन्या मालकाचं निधन झालं, तो गाव सोडून गेला किंवा बँकेचा बोजा निघाला, तर गाडी तुमच्या दारात असूनही तुमची नसते.

म्हणून हे कागद व्यवहाराच्या दिवशीच पूर्ण करा.

1. फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर दोघांच्या सह्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.
2. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
3. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. इथे कर पुन्हा भरावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिकडच्या गाड्या स्वस्तात मिळतात, पण हा खर्च धरूनच भाव बोला.
4. इन्शुरन्स 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तो गाडीसोबत येत नाही.
5. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का बघा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते लागतं.

पैसे बँकेतून द्या. थोडी रक्कम आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत हातात ठेवा आणि तसं लिहूनही घ्या.

मग शेवटी नवी की जुनी?

गाडी रोज पळणार असेल, आठ-दहा वर्षं ठेवायची असेल आणि वीस-पंचवीस टक्के तरी रक्कम हातात असेल, तर नवी. वापर कमी असेल, गाडी शिकायची असेल किंवा कर्ज काढायचंच नसेल, तर 3 ते 5 वर्षांची, एकाच मालकाची, सर्व्हिस हिस्ट्री असलेली जुनी. 12-13 वर्षांची गाडी फार स्वस्तात मिळाली तरी लक्षात ठेवा, नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आलाच.

गडावर गाडी नेऊन नारळ जरूर फोडा. फक्त त्या दिवशी आरसीवर नाव तुमचंच आहे ना, तेवढं आधी बघा. आणि घरात कुणी 'बाँडवर' गाडी विकली असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर लगेच एमपरिवहनवर तिचा नंबर टाकून बघा.